थूल साहेब येऊन राह्यले

आमच्या कंपनीत सात-आठ महिने असे गेले, की थूल साहेबांची पांढरी स्कूटर साइटच्या फाटकात दिसली की माणसं काम सोडून उभी राहायची. मिस्त्री हातातली थापी खाली ठेवायचा, मिक्सरवरचा माणूस मिक्सर बंद करायचा, आणि कुणीतरी हलक्या आवाजात म्हणायचं, "थूल साहेब येऊन राह्यले." साहेब स्कूटर स्टँडवर लावून, डोक्याला बांधलेला रुमाल सोडून, नेमके कुणाच्या दिशेनं चालत येतात एवढंच सगळे बघत राहायचे.

खरं तर या माणसाला कुणी घाबरावं असं त्यांच्यात काहीच नव्हतं. अंगानं बारीक, बुटके, शर्टाच्या खिशात कायम बडीशेपेची पुडी. आवाज इतका हळू, की फोनवर समोरचा दोनदा "काय जी? काय म्हणता?" असं विचारायचा.

वर्ध्याला नागपूर रोडवर एका टाइल्सच्या दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. रस्ते, शाळेच्या खोल्या, फ्लॅट अशी कामं कंपनी घ्यायची. मी तिथं टायपिंग आणि फायलींसाठी लागले, आणि मला थूल साहेबांच्या टेबलाजवळ खुर्ची मिळाली. माणसांचं सगळं ते बघायचे. कुणाला घ्यायचं, कुणाला कोणत्या साइटवर पाठवायचं, कुणाची रजा, कुणाचं भांडण. मूळचे हिंगणघाटचे. वडील तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये होते. ते स्वतः साइटवर हजेरी घेता घेता या खुर्चीपर्यंत आले होते, आणि हजेरीची सवय त्यांच्या अंगातून गेली नव्हती. साइटवर गेले की मस्टर हातात घ्यायचे आणि एकेक नाव पूर्ण वाचायचे. बायामजुरांपुढे मुकादम नुसतं सांगायचा, "थे गणेशची बाई." साहेबांचं पेन थांबायचं. "गणेशचं नाव गणेशजवळ राहू द्या. बाईचं सांगा." मग ती बाई पदर तोंडाशी धरून, लाजत, स्वतःचं नाव सांगायची. कितीतरी बायांनी आपलं नाव मोठ्यानं उच्चारलेलं मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं.

मिस्त्री निवडण्याची त्यांची पद्धत काही औरच होती. नवीन माणसाला एक दिवस काम द्यायचे, आणि संध्याकाळी पाच वाजता, काम सुटायच्या वेळी, जाऊन बाजूला उभे राहायचे. दिवसभर त्यानं भिंत कशी बांधली हे ते फारसं बघत नसत. सुटी झाल्यावर तो थापी अन् घमेलं धुऊन ठेवतो की तसंच टाकून जातो, ते बघायचे. एकदा आर्वीकडचा एक चांगला शिकलेला, सर्टिफिकेटवाला माणूस त्यांनी असाच परत पाठवला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "सिमेंट वाळलं का उद्या दुसऱ्या कोणाले तरी थे घासत बसा लागते. त्याले त्या दुसऱ्याची याद आली नाई."

आणि एक नियम होता. "पयले तोंडानं, मंग कागदानं." कुणाला ताकीद द्यायची असो, बदली करायची असो, आधी माणसासमोर जाऊन सांगायचं आणि मग पत्र द्यायचं. मी नवीन असताना एका ड्रायव्हरच्या नावाचं ताकीदपत्र थेट त्याच्या साइटवर धाडून दिलं होतं. साहेबांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि सेलूपर्यंत त्या ड्रायव्हरकडे नेलं. माझी ओळख करून दिली. म्हणाले, "या निशाबाई. कागद याईनं लिहिला. आता काय लिहिलं थे या तुमाले सांगतात." मी कसंबसं सांगितलं. पण त्यानंतर कुठलंही पत्र टाइप करताना ते वाचणाऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे यायला लागला.

मग मंदी आली. एका दिवशी आली नाही. आधी हिंगणघाटच्या आमच्या कंपनीच्या फ्लॅटांची चौकशी करणारी माणसं कमी झाली. मग येईनाशीच झाली, आणि नमुन्याच्या फ्लॅटमधल्या सोफ्यावर वॉचमन दुपारचा झोपायला लागला. नवीन टेंडरं निघेनात. नागपूरच्या दोन ठेकेदारांनी माणसं काढल्याचं कानावर आलं. ऑफिसात आम्ही सगळे एका टेबलावर डबा खायचो, ते आपोआप बंद झालं. ज्याला त्याला वाटायला लागलं, की आपण किती वेळ जेवतो हे कुणीतरी बघतंय.

एक दिवस मालकांनी, जगदीशबाबूंनी, साहेबांना आत बोलावलं. दार उघडंच होतं. "थूलजी, एकशे दहा आदमी हाय. सत्तरच्या वर मले झेपत नाई. नावं तुमी काढा."

साहेबांनी लगेच नावं काढली नाहीत. सगळ्यांना पंधरा-पंधरा दिवस आलटूनपालटून काम द्यावं, असं त्यांनी सुचवलं. जगदीशबाबूंनी दोन महिने ऐकलं. पण अर्ध्या कामावर घर चालत नाही. चांगले मिस्त्री हैदराबादकडे निघून गेले, आणि ज्यांना कुठं जाता येत नव्हतं ते उरले. दोन महिन्यांनी बाबूंनी पुन्हा तेच सांगितलं, आणि या वेळी तारीखही सांगितली.

साहेब यादी पेन्सिलीनं लिहायचे. लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. त्यांच्या टेबलावर खोडरबराचा कीस पडलेला असायचा, आणि आज कुणाचं नाव खोडलं, कुणाचं चढलं, याचा अंदाज मी त्या किसावरून लावत बसायचे. वेड्यासारखंच होतं ते. एका दुपारी त्यांनी मान वर न करता विचारलं, "निशाबाई, तुमच्या घरी कमावणारं कोण?"

"मीच. आई आहे फक्त."

"मालूम हाय. तरी विचारा लागते. सगळ्याईले विचारून राह्यलो."

त्यानंतर कितीतरी दिवस मला जेवण गेलं नाही.

मालकांचा मुलगा अंकितभैया कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकायला निघाला होता. "एकदम क्लिअर होऊन जाईल, अंकल." साहेब म्हणाले, "भैया, थे यादी तिसऱ्या मजल्यावर परांचीवर उभा असलेला माणूस पाहीन. त्याचा पाय सुटला तं?" भैयानं मोबाइल खाली ठेवला. मग ठरलं, की साहेब स्वतः जाऊन प्रत्येकाला सांगतील आणि मी फाइल घेऊन सोबत जाईन. निघण्याआधी ते आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "बाईले माह्यासंगं गावोगावी फिरा लागन. तुमची परवानगी असन तं नेतो." आईनं हो म्हटलं, आणि ते गेल्यावर मला विचारलं, "यादीत तू आहेस का?" मला माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी हिंगणघाटला ते घडलं. तिथले स्टोअरकीपर दिवाकर भोयर, बारा वर्षांचे जुने. साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. भोयरांनी शांतपणे ऐकलं, "हो जी" म्हणाले, आणि चालत जाऊन पत्र्याच्या गोडाउनमध्ये शिरले. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मे महिना होता. हात लावला तर पत्रा भाजत होता. आत दोर होते, थिनरचे डबे होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही येतच नव्हतं. माणसं जमली. कुणी म्हणालं, दार तोडू. साहेबांनी हात वर केला. "थांबा. त्याईच्या हातानं उघडू द्या." ते दाराशी सिमेंटच्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "भोयरजी, मी बाहेर बसून राह्यलो. तुमी बोलू नोका. फक्त पत्र्यावर एक थाप मारा, म्हणजे मले समजन."

बऱ्याच वेळानं आतून एक थाप आली.

दर थोड्या वेळानं साहेब विचारायचे, "भोयरजी?" आणि आतून थाप यायची. असा तासभर गेला. एकदा थाप आलीच नाही. साहेब उभे राहिले. दोन्ही तळवे त्या तापल्या पत्र्यावर टेकून ते म्हणाले, "भोयरजी, मले भेव लागून राह्यलं." तेव्हा कुठं आतून हाताचा आवाज आला, आणि मागोमाग कडी निघाली. भोयर घामानं निथळत होते. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "साहेब, मले घरी सांगता येत नाई. तुमी येता काय?"

आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "याईचं काई चुकलं काय जी?"

"काईच चुकलं नाई," साहेब म्हणाले. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज मोठा झाला होता, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका. "काम नाई राह्यलं, म्हणून. थे सांगालेच मी आलो."

स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला काढलं की गाव काय म्हणेल, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. त्या दिवसापासून ते प्रत्येकाच्या घरी जायला लागले. बापासमोर, बायकोसमोर, असेल त्या पोराबाळांसमोर सांगायचे, की याचं काही चुकलं नाही. कामं संपत येतील तसतशीच ते घरं घ्यायचे, आणि तीही एका दिवसात दोन, फार तर तीन. अंकितभैया चिडायचा. साहेब बडीशेप तोंडात टाकून ऐकून घ्यायचे.

पण यातून एक झालं, जे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते स्वतः जातात हे सगळीकडे पसरलं, आणि त्यांचं येणंच वाईट बातमी होऊन बसलं. हिंगणीच्या एका मिस्त्रीचा पाय मुरगळला होता. तो यादीत नव्हता. साहेब फक्त विचारपूस करायला गेले. त्याची बायको नळावर पाणी भरत होती. स्कूटर बघितली, तशी तिनं भरली घागर खाली ठेवली आणि तिथंच बसून रडायला लागली. साहेब घाईघाईनं उतरले. "नाई जी, नाई! मी असाच आलो. असाच!" तिला ते पटायला बराच वेळ लागला. परत येताना त्यांनी सेलूशी स्कूटर हळू केली. मग म्हणाले, "मले पाहून लोकं हात थांबवतात, निशाबाई. पयले मस्टर घेऊन गेलो का हासत होते." त्यानंतर नुसतंच कुणाकडे जायचं असलं, की ते गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत जायचे, "असाच आलो, असाच!" तो बारीक आवाज ओरडायला बनलेलाच नव्हता. मला हसू यायचं, आणि मी तोंड दुसरीकडे वळवायचे.

आता प्रफुलचं सांगते. रोहण्याच्या रस्त्याच्या कामावर आमचे दोन सुपरवायझर होते. एक ढोबळे, पन्नाशीचे, कामात ढिले. दुसरा प्रफुल, तरुण, हुशार, आणि साहेबांचा जावई. दोघांपैकी एकच ठेवायचा होता. साहेबांनी प्रफुलचं नाव यादीत टाकलं. जगदीशबाबूंनाही आश्चर्य वाटलं. "काऊन थूलजी? प्रफुल तं चांगला हाय."

"माह्या घरचा हाय," साहेब म्हणाले.

ऑफिसात ही गोष्ट पसरली आणि कितीतरी दिवसांनी आम्ही सगळे एकत्र चहा प्यायलो. साहेबांचं कौतुक करत होतो. मीही करत होते. मालकापुढे झुकले नाहीत, जावयालाही सोडलं नाही, असं काहीबाही. आमच्या सगळ्यांच्या मनातली भीती त्या चहाबरोबर थोडी खाली गेली.

प्रफुलला सांगायलाही ते घरीच गेले. आर्वीला मुलीच्या दोन खोल्यांत आम्ही बसलो. मुलगी, वैशाली, पाण्याचे पेले घेऊन आली, आणि ऐकताना पेले हातातच धरून उभी राहिली.

"बाबा, दुसऱ्याच्या घरी जाता तवा काय सांगता?"

साहेब रुमालाची घडी घालत राहिले.

"काम नाई राह्यलं म्हणून सांगता ना? इथं तं काम हाय. रस्ता अर्धा पडून हाय. तरी काढलं. इथं काय सांगता?"

"राहू दे, वैशाली," प्रफुल म्हणाला.

तिनं पेले खाली ठेवले. "पाणी प्या अन् निघा."

साहेब पाणी प्यायले. उभ्यानं, सगळं. मग आम्ही निघालो. आर्वीबाहेर आल्यावर त्यांनी एका बाभळीखाली स्कूटर थांबवली आणि रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरीनं बरोबर विचारलं. रस्त्याचं लेव्हल प्रफुलले समजते, ढोबळेले समजत नाई. ढोबळेले काढाले पायजे होतं. मी काऊन नाई काढलं? लोकं बोट दाखवतीन म्हणून. मी माही अब्रू वाचवली, अन् त्याचा रोजगार घेतला."

"अजून बदलता येईल ना साहेब? पत्र तर दिलेलं नाही."

"ढोबळेले सकाळीच सांगून आलो, तुमी राह्यले म्हणून. त्याची बायको माह्या पाया पडली. आता थे कसं परत घेऊ?"

तो चहा आठवून माझी मला लाज वाटली.

पुढचे सात-आठ महिने वैशाली त्यांच्याशी बोलली नाही. ते मात्र कामावर यायचे, उरलेल्या घरी जायचे. यादीतली नावं कमी होत गेली. माझं नाव आलं नाही.

शेवटची तीन घरं राहिली होती. एका गुरुवारी अंकितभैयानं मला आत बोलावून एक मसुदा दिला. "ये टाइप करके रखना. किसी को बोलना नहीं. शनिवारी देऊ." मी वाचला. पत्र थूल साहेबांच्या नावाचं होतं. सत्तर माणसांसाठी वेगळा अधिकारी नको, ते काम यापुढे नागपूरच्या एका एजन्सीकडे जाईल, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या चेहऱ्याकडे बघून भैया म्हणाला, "तुम्हारा पक्का है. टेन्शन मत लो."

मी टाइप केलं. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, त्यांच्याच स्कूटरवर मागे बसून हिंगणीला गेले. पहिलं घर झालं, दुसरं झालं. दोन्ही घरांत ते नेहमीसारखं बोलले, आणि मी फाइल छातीशी धरून बसले. सांगावं तर भैयाचा शब्द मोडतो आणि माझी नोकरी जाते. न सांगावं तर उद्या ते सगळ्यांसमोर पाकीट फोडतील. बोर धरणाच्या रस्त्यावर एका टपरीवर चहा घ्यायला थांबलो, तेव्हा माझ्या कपावर साय धरली तरी मी तो उचलला नाही.

साहेबांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कागद माहा हाय ना?"

मी मान हलवली.

"मान हालवू नोका. तोंडानं सांगा."

टपरीवाला भजी तळत होता. दोन गुराखी बाकावर बसले होते. मी म्हणाले, "साहेब, तुम्हाला काढलं. शनिवारी पत्र देणार आहेत. मी काल टाइप केलं. तुमचं काही चुकलं नाही." शेवटचं वाक्य म्हणताना मला रडू फुटलं.

त्यांनी चहा संपवला. "जमलं," म्हणाले. "आवाज जरा लहान होता." मग विचारलं, "तारीख शनिवारचीच टाकली ना? म्हणजे आज मी अजून नोकरीवर हाय. चला, एक घर बाकी हाय."

आणि आम्ही तिसऱ्या घरी गेलो. तिथंही त्यांनी सगळं नीट सांगितलं. त्या घरातल्या म्हाताऱ्यानं बोरं आणून दिली. ती नको न म्हणता त्यांनी रुमालात बांधून घेतली.

शनिवारी जगदीशबाबू ऑफिसला आलेच नाहीत. साहेबांनी भैयाच्या हातून पाकीट घेतलं, पोच म्हणून सही केली, आणि प्रत्येक टेबलाजवळ जाऊन सांगितलं, "मी निघालो जी." आम्ही उभे राहिलो. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा अकाउंटवाले काका एवढंच म्हणाले, "आज चहा सांगू नका."

पुढे बाजार हळूहळू उठला. कंपनीनं पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. भोयर परत आले. नागपूरच्या एजन्सीचं काही जमलं नाही, आणि ते काम फिरून माझ्याकडे आलं. मी साहेबांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते हिंगणीच्या त्या मिस्त्रीचा पाय कसा आहे, तेच विचारत राहिले. स्वतःचं काही बोलले नाहीत. प्रफुलनं लहान घरांचे ठेके घेणं सुरू केल्याचं आणि वैशाली पुन्हा बोलायला लागल्याचं मला दुसऱ्यांकडूनच कळलं.

गेल्या हिवाळ्यात मी कामासाठी बसनं आर्वीला चालले होते. एका गावाशी पुढं ट्रॅक्टर आडवा आला आणि बस थांबली. खिडकीतून एक अर्धवट घर दिसलं, दारा-खिडक्यांच्या लिंटलपर्यंत आलेलं. भिंतीला पाइपनं पाणी मारत एक माणूस उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात चप्पल नाही. आधी मी ओळखलंच नाही.

वर परांचीवर प्रफुल होता. तिथून तो काहीतरी म्हणाला. बसच्या इंजिनात मला शब्द ऐकू आले नाहीत. पण थूल साहेबांनी लगेच मान डोलावली, पाइपचं वेटोळं खांद्यावर घेतलं, आणि जावयानं हातानं दाखवली त्या दुसऱ्या भिंतीकडे चालू लागले. मी खिडकीची काच सरकवायला गेले. ती अडकली होती. तेवढ्यात ट्रॅक्टर निघाला आणि बस सुटली.